मिनिटाला पन्नास ठोके

तुफानचा पाय मोडला तो गाडी जागेवर उभी असताना. सव्वीस वर्षं रुग्णवाहिका चालवली, भर गर्दीतून, खड्ड्यांतून, उलट्या दिशेनं येणाऱ्या वाहनांमधून वाट काढली, आणि एवढ्या वर्षांत तिच्या नखालाही कधी धक्का लागला नव्हता. मग एका सकाळी रिकामी गाडी धुऊन, बादली हातात घेऊन ती मागच्या पायरीवरून उतरत होती. पाय घसरला आणि उजवा घोटा दोन ठिकाणी मोडला. तिच्याच गाडीतून, तिच्याच स्ट्रेचरवर तिला नेलं. चालवायला बसला होता नवा ड्रायव्हर. तिसरा गिअर कधी टाकायचा हे ती त्याला मागून आडवी पडून सांगत होती.

तुफान हे नाव तिला रुग्णवाहिका केंद्रावरच्या लोकांनी ठेवलं होतं, आणि ते असं चिकटलं की घरीदारी सगळे तेच म्हणू लागले. ती जेवायला बसली तर शेजारच्याचं पान अर्धं व्हायच्या आत हिचा हात धुऊन झालेला असे. दाराची बेल वाजवून दार उघडेपर्यंत तिला दम धरवत नसे, ती पुन्हा वाजवायचीच. अशा बाईला डॉक्टरांनी सांगितलं, आठ आठवडे प्लास्टर. पाय वर ठेवायचा. लागेल तेवढंच उठायचं, तेही कुबड्या घेऊन, पाय जमिनीला न टेकवता.

"मग दिवसभर काय करशील?" नवऱ्यानं विचारलं. तो चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायचा. एकेका काचेला अर्धा अर्धा तास द्यायचा आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

"बसेन. तेवढंच तर ठेवलंय माझ्यासाठी."

"तुला बसता येतं?"

"शिकेन."

पण ते शिकणं तिला जमेना. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, आणि खिडकी नेमकी इस्पितळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दर तासाला एखादी गाडी भोंगा वाजवत जायची. तुफान खुर्चीतून मान उंचावायची. तीन नंबरची गाडी, हिचा भोंगा मधेच चिरकतो. सात नंबर, हा वळणावर उगाच ब्रेक मारतो. भोंगा लांब गेला की तिची बोटं खुर्चीच्या हातावर आपटू लागायची. चौथ्या दिवशी तिनं कपाट रिकामं करून पुन्हा लावायचा बेत केला, एका पायावर उभी राहिली, आणि पडता पडता पडद्याला लटकून वाचली. पडदा दांडीसकट खाली आला.

संध्याकाळी नवऱ्यानं दांडी भिंतीला पुन्हा ठोकली आणि म्हणाला, "मी ताईला विचारलंय. उद्यापासून दोन ते पाच येऊन बसेल तुझ्याजवळ."

ताई म्हणजे त्याची धाकटी बहीण. लहानपणापासून घरात तिला सगळे ताईच म्हणायचे.

"वन्सं?" तुफान म्हणाली. "दुसरं कोणी मिळालं नाही तुम्हाला?"

"मिळालं नाही," तो म्हणाला, आणि हातोडी जागेवर ठेवायला गेला.

नणंद दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची आणि घरीच गिटार शिकवायची. मुलं शाळा सुटल्यावर यायची, म्हणून दुपार तिला मोकळी. ती तुफानच्या अगदी उलट. कप विसळायला घेतला तर वाटावं, कपाला न्हाऊ घालतेय. जिना चढताना प्रत्येक पायरीवर पूर्ण पाऊल टेकवायची. दोघींमध्ये कधी भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटलं तरी असतं. अकरा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून दोघी एकमेकींशी अगदी नीट बोलत, "या", "बसा", "चहा घेणार?" एवढंच. बँकेच्या खिडकीवर लोक बोलतात तसं.

पहिले दोन दिवस तसेच गेले. नणंद खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसायची. तुफान खुर्चीत, पाय समोरच्या स्टुलावर, आणि बोटं खुर्चीच्या लाकडावर टक टक टक. तिसऱ्या दिवशी नणंदेनं पुस्तक मिटलं.

"वहिनी, एक सांगू? तुम्ही सारखा ताल धरताय आणि सारखा सोडताय. सरळ आपटत राहिलात तर मला वाचता येईल. पण तुम्ही दर आठव्या ठोक्याला पळत सुटता."

"तुम्ही मोजत बसला होतात?"

"माझा धंदाच आहे तो."

दुसऱ्या दिवशी ती गिटार घेऊन आली. जुनी, तपकिरी, मुलांना शिकायला देते त्यातली. तुफान हसली. "या वयात? एक्कावन्न पूर्ण झालीत मला."

"तुमच्या हाताला काही झालेलं नाही ना? घोटाच मोडलाय." नणंदेनं स्वयंपाकघरातून पाटासारखी एक लाकडी चौकट आणली आणि तुफानच्या डाव्या पायाखाली सरकवली. म्हणजे डावी मांडी थोडी वर आली. तिच्यावर गिटारची कंबर टेकवली, दांडी तिरकी वर. उजवा पाय समोर स्टुलावर तसाच राहिला. "पाठ सरळ. गिटारकडे वाकून बघायचं नाही, ती कुठे पळून जात नाही."

मग नखं. डाव्या हाताची नखं तिनं स्वतः कापली, मुळाशी, बोटाचं टोक तारेला लागेल इतकी. अंगठा दांडीच्या मागे, मधोमध, नुसता टेकलेला. मनगट सरळ. दांडीवर ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात त्यांना फ्रेट म्हणतात. बोट पट्टीवर नाही, दोन पट्ट्यांच्या मधोमधही नाही, पुढच्या पट्टीच्या अगदी लगत दाबायचं. तिथे कमी जोर लागतो.

"दाबा. आता हळूहळू सोडत जा. आवाज खरखरला तिथे थांबा. त्याच्या एक केसभर अलीकडे जेवढा जोर आहे, तेवढाच लागतो. बाकी सगळा वाया."

तुफाननं स्टिअरिंग धरल्यासारखी दांडी धरली होती. तिनं जोर कमी केला. आवाज साफ आला. तिला ते पटलं नाही, पण आवाज साफ होता हे खरं.

नणंदेनं कागदावर लिहून दिलं. रोज पंधरा मिनिटं, त्याहून एक मिनिट जास्त नाही. पहिली तीन मिनिटं चार बोटं चार पट्ट्यांवर, एकामागून एक, सहाही तारांवर. पुढची पाच मिनिटं एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर, ई मायनरवरून जी, जीवरून परत. कॉर्ड म्हणजे दोनतीन बोटांनी तारा दाबून एकदम छेडायचे स्वर, ई मायनर आणि जी ही त्यांची नावं. बाकीचा वेळ उजवा हात, वरून खाली, खालून वर. आणि सगळं मेट्रोनोमवर. मेट्रोनोम म्हणजे एक छोटी डबी, ती टिकटिक करत ठोके देते. नणंदेनं तिचा काटा पन्नासवर लावला.

टिक. मग इतका वेळ काहीच नाही. टिक.

"हे बंद पडलंय का?" तुफान म्हणाली.

"मिनिटाला पन्नास ठोके. चालू आहे."

"इतक्यात मी दोन चौक ओलांडते."

"ओलांडत असाल. इथे एकच ओलांडायचाय, तोही सगळी बोटं पोचल्यावर."

तुफानला वाटलं होतं, आठवड्याभरात एखादं गाणं येईल. नणंद म्हणाली, "पी हळद आणि हो गोरी, असं इथे होत नाही, वहिनी."

आता तुफानचा स्वभाव असा, की कोणी पंधरा मिनिटं म्हटलं की तिला तो अपमान वाटायचा. नवरा सकाळी नऊला कामावर जायचा. नणंद दोनला यायची. मधले पाच तास तिचे होते. तिनं टिकटिकीची डबी टेबलाच्या खणात टाकली आणि वाजवायला लागली. पहिल्या दिवशी तासभर. तिसऱ्या दिवशी तीन तास. बोटांच्या टोकांना फोड आले, फुटले, तिनं त्यांवर चिकटपट्टी लावली आणि नणंद यायच्या आत काढून टाकली. रस्त्यावरून भोंगा गेला की तिचा हात आपोआप वेग घ्यायचा, जणू त्या गाडीच्या पुढे पोचायचंय. कॉर्ड बदलताना एखादं बोट मागे राहिलं तर ती त्याची वाट बघत नसे. चार बोटांतली तीन पोचली तरी गाडी सुटली.

दोनला नणंद यायची, पंधरा मिनिटं, पुढे सी आणि डी या कॉर्डही, पन्नासवर करून घ्यायची. तेव्हा तुफान चुकायची. नणंदेला वाटायचं, नवशिकी आहे. तुफानला वाटायचं, हिची डबीच माझी वाट लावतेय. एकटी असताना किती छान वाजतं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी डावं मनगट दुखू लागलं. आधी नुसतं जड वाटायचं, मग कपाचा कान धरतानाही कळ यायची. ती कोणाला बोलली नाही. नवऱ्यानं विचारलं, हात का चोळतेस, तर म्हणाली, कुबडीनं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी नणंद येऊन बसते न बसते तोच तुफान म्हणाली, "वन्सं, आज तुम्ही काही सांगू नका. नुसतं ऐका."

आणि तिनं वाजवलं. ई मायनर, जी, सी, डी, एकामागून एक, धडाधड. अर्ध्या तारा घोगऱ्या, काही मुक्या, एक सारखी झणझणत होती, आणि पुढे पुढे तर उजवा हात डाव्याला टाकून एकटाच पळत होता. संपलं तेव्हा तिला धाप लागली होती. तिनं नणंदेच्या तोंडाकडे पाहिलं.

नणंद उठली, खण उघडून डबी काढली. डबी खणात आहे हे तिला कसं कळलं देव जाणे. तिनं काटा पन्नासवर लावला.

"हेच. आता यावर."

तुफाननं सुरुवात केली. दुसऱ्याच कॉर्डला बोटं गोंधळली. पुन्हा केली. पुन्हा तिथेच. ज्या हातानं आत्ता मिनिटभरात तीसदा कॉर्ड बदलली, त्याला एकदा सावकाश बदलता येईना. कोणतं बोट आधी उचलायचं हेच त्याला माहीत नव्हतं. वेगात असताना ते विचारायला कोणी थांबत नव्हतं.

"घोडं इथे पेंड खातंय," नणंद म्हणाली. "जीवरून सीवर जाताना तुमची सगळी बोटं एकदम हवेत जातात आणि मग जागा शोधतात. थांबा, हात दाखवा."

तिनं तुफानचं मनगट धरलं आणि तुफानच्या तोंडून नको तो आवाज निघाला. नणंदेनं हात उजेडाकडे वळवला. मनगट सुजलं होतं. बोटांच्या टोकांवर सोललेली कातडी.

"हे किती दिवस आहे?"

"आहे थोडं."

"रोज किती वाजवतेस?"

तुफाननं हात सोडवून घेतला.

"मी पंधरा मिनिटं सांगितली होती. तू किती वाजवतेस?" आजवर एकदाही तिनं वहिनीला तू म्हटलं नव्हतं. "तीन तास? चार? शिरा सुजल्या तर सहा महिने हात धरून बसावं लागेल. स्टिअरिंगही धरता येणार नाही. सावकाश करायला तुझं जातं काय? एवढी कसली घाई आहे तुला?"

"मला सावकाश शिकवू नका," तुफान म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण खोलीतली हवा बदलली. "आयुष्यात एकदाच सावकाश गेले. एकदाच. आणि त्याबद्दल तुम्ही अकरा वर्षं माझ्याशी धड बोलला नाहीत."

ते असं झालं होतं. सासूबाई जिन्यावरून पडल्या, मानेवर. गाडी घेऊन तुफान स्वतः आली होती. मागे नणंद आईजवळ बसली, आणि त्यांच्यासोबत गाडीचा परिचारक, ज्याला सगळे भाऊ म्हणायचे. इस्पितळ सात किलोमीटर. रस्ता खणून ठेवलेला. भाऊनं मागून सांगितलं, मान आहे, एक धक्का बसता कामा नये. तुफाननं गाडी वीसवर ठेवली. जिथे खड्डे होते तिथे दहावर. मधल्या काचेवर मागून नणंद हातानं मारत होती, जोरात चालवा, जोरात चालवा. तुफाननं मागे बघितलं नाही. अठ्ठावीस मिनिटं लागली. सासूबाई तिसऱ्या दिवशी इस्पितळातच वारल्या. त्यानंतर कोणी कोणाला काही विचारलं नाही. मात्र त्यानंतर तुफान कोणतीच गोष्ट सावकाश करू शकली नाही. जेवणसुद्धा.

नणंदेनं पिशवी उचलली. घड्याळात पावणेतीनही वाजले नव्हते. "मनगटाला बर्फ लावा," ती म्हणाली आणि गेली. जिन्यावर तिची पावलं नेहमीसारखी एकेक पायरी टेकवत गेली, तीही तुफानला सहन होईना.

चार दिवस नणंद आली नाही. नवऱ्याला काय झालं ते कळलं असावं, कारण त्यानं विचारलं नाही. फक्त रोज घरी आल्यावर बर्फाचा ट्रे बघायचा, वापरलाय की नाही. गिटार भिंतीला टेकून उभी होती. तुफान तिच्याकडे पाठ करून बसली. मग खिडकीकडे तोंड करून. मग पलंगावर, मग परत खुर्चीत. तिसऱ्या दिवशी तिनं भाऊला फोन लावला. तो निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती.

"भाऊ, एक विचारू? आमच्या सासूबाईंच्या वेळी, आपण जोरात गेलो असतो तर?"

पलीकडे त्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला. "अकरा वर्षांनी विचारतेस?"

"घरात बसलेय. वेळ आहे."

"मी मान धरली तेव्हा त्यांच्या हाताची बोटं हलत होती. उतरवलं तेव्हाही हलत होती. जोरात गेलो असतो तर कदाचित हलली नसती. त्यांना शेवटच्या तीन दिवसांत लेकीचा हात धरता आला, तो त्यामुळे. पण जोरात गेलो असतो तर वाचल्या असत्या का, हे मला विचारू नकोस. ते मला माहीत नाही. तुलाही कधी कळणार नाही."

"हो," तुफान म्हणाली. तिला वाटलं होतं, काहीतरी सुटेल. सुटलं नाही. पण भाऊनं खोटं सांगितलं नाही, एवढं बरं वाटलं.

पाचव्या दिवशी बरोबर दोनला जिन्यावर पावलं वाजली. नणंद आत आली, चपला नीट एकाशेजारी एक ठेवल्या, आणि नेहमीच्या खिडकीपाशी न जाता समोरच्या पलंगाच्या कडेला बसली.

"त्या दिवशी मी काचेवर मारत होते ना," ती म्हणाली, "तेव्हा आईनं माझी बाही धरली. तिला नीट बोलता येत नव्हतं. पण बोलली. म्हणाली, तिला चालवू दे."

तुफानची बोटं खुर्चीच्या हातावर थांबली.

"एवढंच म्हणाली. मग डोळे मिटले. ती घाबरलेली नव्हती. मीच घाबरलेली होते."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"नाही."

"अकरा वर्षं."

"पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं. तेव्हा राग होता, कोणावर तरी काढायचा होता. मग राग गेला. पण तोवर इतका उशीर झाला होता, की आता कोणत्या तोंडानं सांगायचं तेच कळेना. दर वेळी तुमच्या घरून निघताना ठरवायचे, पुढच्या वेळी."

लोकांना वाटेल, तुफान रडली असेल. तिला रडू आलं नाही, संताप आला. असा संताप की खुर्चीत बसवेना. अकरा वर्षं ती प्रत्येक फेरीत, प्रत्येक खड्ड्यावर ते काचेवरचं मारणं ऐकत आली होती, आणि हिच्याकडे ते तीन शब्द होते, पिशवीत ठेवल्यासारखे.

"मला उठायचंय," ती म्हणाली. "मला चालायचंय. आत्ता."

नणंदेनं कुबड्या आणल्या. एक बाजू कुबडीची, दुसऱ्या बाजूनं स्वतःचा खांदा दिला. पलंगापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत अकरा पावलं, ओट्यापासून परत. तुफान दात ओठ खात चालत होती, प्लास्टरचा पाय हवेत. मधेच म्हणाली, "तुम्ही फार वाईट वागलात."

"हो."

"फारच."

"हो, वहिनी."

पुन्हा ओटा. पुन्हा पलंग. नणंद घामानं भिजली, तिला असं चालायची सवय नव्हती. नवव्या की दहाव्या फेरीला तुफानचा डावा पाय थरथरू लागला आणि दोघी एकदमच पलंगावर बसल्या, पडल्याच म्हणा ना. खालून सात नंबरची गाडी गेली आणि वळणावर तिनं उगाच ब्रेक मारला.

"काय मूर्ख माणूस आहे," तुफान म्हणाली.

नणंदेला हसू आलं. तुफानलाही आलं, पण राग काही गेला नव्हता. तो पुढे कित्येक आठवडे येत जात राहिला. कधी भाजी चिरताना यायचा, कधी नणंद कप विसळत असताना. मात्र आता तो आला की ती बोलून टाकायची. नणंद ऐकून घ्यायची, एखादे दिवशी उलट उत्तरही द्यायची. एकदा दोघींचं कपावरून खरंखुरं भांडण झालं, अकरा वर्षांतलं पहिलं. नवरा दारात उभा राहून ऐकत होता आणि चेहऱ्यावर असं समाधान, जणू एखादी अवघड काच फ्रेममध्ये बसली.

गिटारला दहा दिवस हात लावायचा नाही असं ठरलं. सूज उतरल्यावर पुन्हा पहिल्यापासून. या वेळी नणंदेनं वाजवायला काहीच दिलं नाही. नुसतं जीवरून सीवर जायचं, तेही न वाजवता. टिक, बोटं उचल. टिक, कुठे जायचंय ते बघ. टिक, ठेव. टिक, सगळी पोचली का? कोणतं बोट शेवटी पोचतं ते शोधून आधी त्याला न्यायचं, बाकीची मागून येतील. तुफानचं अनामिका नावाचं बोट कायम उशिरा पोचायचं. तिनं त्याचं नाव सात नंबर ठेवलं.

पन्नासचा ठोका तिला शेवटपर्यंत आवडला नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत तिला काहीतरी चावल्यासारखं व्हायचं. पाय हलायचा, जबडा आवळायचा. नणंद म्हणायची, "तोंड सैल सोडा, गिटार दातांनी वाजवत नाहीत." पंधरा मिनिटं झाली की डबी बंद व्हायची, मग कितीही रंगात आलेलं असो. तेच तुफानला सर्वांत जड जायचं. थांबणं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बसलं की हात काल जिथे सोडला तिथूनच पुढे निघायचा, आणि हे तिला खरंच नवल वाटायचं. तीन तास बडवलं तेव्हा असं कधी झालं नव्हतं. पंधरा दिवसांत काटा पंचावन्नवर गेला. मग साठ. एकदा तिनं स्वतःच तो पुन्हा बावन्नवर आणला, कारण साठवर सी कॉर्डमधली एक तार मुकी राहत होती आणि ते आता तिच्या कानाला खपेना.

प्लास्टर निघालं. पाय बारीक, पांढरट, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, घोटा रोज वीसदा, जास्त नाही. "वीस म्हणजे वीस," तुफान म्हणाली, "मला माहितीये." साडेतीन महिन्यांनी ती कामावर परत गेली. गिटार केंद्रावरच्या विश्रांतीच्या खोलीत नेऊन ठेवली. पाळी सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं. कधी सातव्या मिनिटाला फोन वाजायचा आणि गिटार खाटेवर टाकून ती धावायची. परत आल्यावर उरलेली आठ मिनिटं करायची. हे मात्र ती चुकवत नसे. सोबतच्या लोकांनी आधी टिंगल केली, मग त्यांना ती टिकटिक ऐकायची सवय झाली. एकजण तर म्हणाला, तुफानची डबी बंद पडली तर मला झोप लागणार नाही.

सहाव्या महिन्यात एका रविवारी दुपारी नणंदेच्या खोलीत तिच्या विद्यार्थ्यांचं वाजवणं होतं. आठ मुलं, त्यांचे आईबाप, शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या. तुफान पाचवी. तिच्या आधी नऊ वर्षांची मुलगी, नंतर अकरा वर्षांचा मुलगा, आणि तिघांत सर्वांत जास्त घाम हिलाच. तिच्या वाट्याला चार कॉर्डचं साधं गाणं. नणंद गाणार, ही साथ करणार. तिसऱ्याचं वाजवणं चालू असताना ती उठून बाहेर जिन्यात गेली. वर आली, पाणी प्यायली, परत गेली. नवरा म्हणाला, "अगं, बस ना." ती म्हणाली, "बसलेच आहे," आणि उभीच राहिली.

तिचं नाव पुकारलं. ती बसली, पाय चौकटीवर ठेवला, अंगठा मागे टेकवला. नणंदेनं मानेनं ठोका दिला. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर बाहेर कुठेतरी भोंगा वाजला. रविवार होता, तिची पाळी नव्हती, तरी तिचं लक्ष तिकडे गेलं आणि सी कॉर्ड हुकली. तिन्ही बोटं हवेत. पूर्वीची तुफान असती तर तिनं काहीतरी दाबून पुढे पळ काढला असता. आता डावा हात तारांवर नुसता टेकला. उजवा हात वर खाली चालत राहिला, मुका, पण ठोक्यात. नणंद थांबली नाही, गात राहिली. पुढच्या जीवर बोटं पुन्हा खाली उतरली, सात नंबरसकट. गाणं संपलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. नऊ वर्षांच्या मुलीनं जरा जास्तच.

"कुठे चुकलीस ते मला कळलंच नाही," नवरा म्हणाला.

"मला कळलं," तुफान म्हणाली.

सगळे गेल्यावर खुर्च्या परत द्यायच्या होत्या. नणंदेनं टेबलावर कागद काढून पुढच्या महिन्याचं लिहायला घेतलं. एफ कॉर्ड, एका बोटानं सगळ्या तारा एकदम दाबायच्या.

"किती दिवस लागतील याला?" तुफाननं विचारलं.

"काहींना दोन महिने. काहींना वर्ष."

"वर्ष?" तुफाननं एकावर एक चार खुर्च्या रचल्या आणि उचलल्या.

"वहिनी, दोन दोन न्या. पाय आत्ताच बरा झालाय."

"चार होतात."

नणंदेनं पेन ठेवलं, पुढे जाऊन दार उघडून धरलं, आणि तुफान खुर्च्यांच्या आडून पाऊल चाचपत, पायरीवर पूर्ण टेकवत, खाली उतरू लागली.